खालचा देव

खड्ड्यात कुदळ मारताना निनकल्ला कुंभारणीच्या कानांत अजून ते हसणं घुमत होतं. सुमेरच्या त्या नगरातल्या तीन आळ्यांनी मातीच्या सोंगट्या उचलून देव वाटून घेतले, तेव्हा एकीला आकाशाचा आन मिळाला, दुसरीला वाऱ्याचा एनलिल आणि कुंभारआळीला जमिनीखालच्या पाण्याचा एन्की.

"खालच्या लोकांना खालचाच देव!" आनचा पुजारी खिदळला होता.

यंदा आकाश कोरडं राहिलं आणि वाऱ्याने नुसती धूळ आणली.

"बाई, पुरे आता!" वरून शेजारी ओरडले.

"माझा देव इथंच राहतो," म्हणत तिने घाव घातला. गोडं पाणी उसळून कमरेपर्यंत चढलं.

संध्याकाळी पुजारी घागर घेऊन आला. निनकल्लाने दोर त्याच्या हातात दिला.

"वाका, पुजारीबुवा. पाणी खाली आहे."