चौकाला कुंपण

हेल्गे माइकपाशी उभा राहिला आणि नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहातल्या दीडशे माणसांनी कॉफीचे कप खाली ठेवले. आयुष्यभर फेरीबोटीवर तिकिटं फाडलेला माणूस. चार वाक्यं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. पण आज तो कागद न बघता बोलला. वेस्टरहाव्नच्या चौकाला उंच लोखंडी कुंपण हवं. फाटकं दोनच. शुक्रवारच्या बाजाराला येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासायची, मग तो पाद्री असो नाहीतर नगराध्यक्ष. नगराध्यक्ष ग्रेथे समोरच बसली होती. तिने मान डोलावली.

"हे वेड आता सगळीकडे पसरलंय," हेल्गे म्हणाला. "लांब कुठेतरी होतं, तोवर आपण टीव्ही बंद करून झोपत होतो. माझी बहीण आल्याची बिस्किटं घ्यायला गेली होती. फक्त बिस्किटं."

पुढचं सांगायची गरज नव्हती. चौदा महिन्यांपूर्वी मोठ्या शहरातल्या नाताळबाजारात एका माथेफिरूने गर्दीत व्हॅन घातली होती. त्याला म्हणे त्याच्या मताचं जग घडवायचं होतं, म्हणून त्याने सात माणसं चिरडली. हेल्गेची बहीण उल्ला वाचली, पण कुबडीवर आली. गावातल्या प्रत्येक लग्नात शेवटपर्यंत नाचणारी उल्ला. चौकापलीकडच्या आपल्या पिवळ्या घराचा उंबरठा तिने तेव्हापासून ओलांडला नव्हता. दूध-पाव हेल्गे नेऊन देई. ती पडद्याच्या फटीतून चौक बघत बसे आणि म्हणे, कुंपण घाला, मग येईन. म्हणून हा ठराव. जगाचं काय करायचं ते कोपनहेगनच्या मंत्र्यांनी बघावं; हेल्गेला बहिणीला चौकात आणायचं होतं.

वादाला तोंड फुटलं. एकजण म्हणाला, नुसत्या कुंपणाने काय होतंय, बंदूकवाले पोलीस आणा. दुसऱ्याला देशाच्या सीमाच बंद करायच्या होत्या. पाद्रीबाबांचं म्हणणं, खोलीत एकटी बसून इंटरनेटवरचं विष वाचणारी पोरं वेळीच शोधा, त्यांच्याशी बोला. मासेवाल्या बाईने सरळ हिशेब मांडला: फाटकापाशी रांग लागणार, मग मारेकरी रांगेवर येणार. सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर होतं आणि सगळे जरा जास्तच बोलत होते. तरी वारं हेल्गेच्या बाजूचं होतं. उल्लाचं नाव निघालं की विरोध करणाऱ्याचाही आवाज खाली येत होता.

मग बोडिल उठली. शाळेत हेल्गेच्या बाकावर बसायची, पुढे त्याच शाळेत मास्तरीण झाली.

"हेल्गे, सिग्ने कुठेय?"

सिग्ने म्हणजे त्याची सात महिन्यांची नात. मुलगी कामावर गेली की ती आजोबांकडे असे.

"खाली. झोपलीय."

"खाली म्हणजे चौकातच ना? बाबागाडीत?"

सभागृहात खसखस पिकली. बाळाने दुपारी बाहेरच्या गार हवेत झोपायचं, हा त्या गावाचा धर्मच होता. नगरपालिकेच्या पायरीपाशी तीन बाबागाड्या ओळीने उभ्या होत्या आणि तीन बाळं दुलईत गुडूप होती. गाडी लावताना हेल्गेच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं.

"दुधाने तोंड पोळलंय तुझं, मला कळतं रे," बोडिल म्हणाली. "पण नात चौकात ठेवून यायचं आणि आम्हाला चौकाला घाबरा म्हणायचं, हे कसं?"

हेल्गेचे कान लाल झाले. "सवय गं ती. कुंपण झालं की गाड्या बाहेर ठेवायची ही सवयही जाईल."

वाक्य तोंडातून निघालं आणि त्याचं त्यालाच बोचलं. 

तेवढ्यात त्याच्या कोटाच्या खिशातला, गाडीतल्या बाळाचा आवाज ऐकवणारा बेबी मॉनिटर खरखरला. सिग्ने जागी झाली होती. तिचं रडणं माइकवरून सभागृहभर घुमलं. बटण बंद करून खाली पळावं म्हणून हेल्गेने मॉनिटर बाहेर काढला, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

टक्. मग पाय घासत ओढल्याचा आवाज. पुन्हा टक्. चौकाच्या दगडी फरशीवरून कुणीतरी येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. सिग्ने रडत होती आणि तो आवाज तिच्या दिशेने सरकत होता. दीडशे माणसं ऐकत राहिली. अखेर टकटक थांबली आणि बाबागाडीची स्प्रिंग करकरली.

"उगी गं, उगी," धापा टाकत कुणीतरी म्हणालं. "आले ना मी."

मग गाणं सुरू झालं. साफ बेसूर. लहानपणी उल्ला गायला लागली की सारं घर कानात बोटं घालायचं, आणि उल्ला आणखी जोरात गायची. सिग्नेचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग तेही थांबलं.  एवढा अभिमान हेल्गेला आयुष्यात कधी कुणाचा वाटला नव्हता. खिडकी दोन पावलांवर होती, पण तो जागचा हलला नाही.

ग्रेथेला यातलं काही उमगलं नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं. "हेल्गे, कुंपणावर कौल घ्यायचा ना? बाजूने असतील त्यांनी हात वर..."

हेल्गेने ठरावाच्या कागदाची घडी घातली.

"राहू दे, ग्रेथे. जिच्यासाठी कुंपण मागत होतो, ती चौक ओलांडून आलीय."