जुन्या टीव्हीची केबल

माझ्या कॉम्प्युटरचा पहिला स्क्रीन एकशे चव्वेचाळीस हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं दाखवत पळायचा, दुसरा तेवढ्या वेगाला काळा पडायचा. महाडचा दुकानदार फोनवरच म्हणाला, दोन्ही स्क्रीन चालवणारं ग्राफिक्स कार्ड मेलं. ते ऐकून मुंबईहून आलेल्या काकांनी माझी बॅगच भरली. “पोलादपुरात बसून कोण गेम बनवतं गो? चल, नोकरी लावतो.” “कार्ड मेलं तर पहिला कसा चालतो?” म्हणत मी केबलींची अदलाबदल केली. आता पहिला काळा, दुसरा सुसाट. खोट केबलमध्येच! दुसऱ्या स्क्रीनबरोबर आलेली केबल सापडली नव्हती म्हणून जुन्या टीव्हीची लावली होती; तिला एवढा वेग पेलत नव्हता. “आये, स्क्रीनच्या खोक्यातली केबल कुठाय?” आईनं पेटीतून, कोऱ्या साडीखालून काढली. “नवी म्हणून जपून ठेवलेली.” ती लावताच माझ्या गेममधलं भेकर एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर झेपावलं. मी बॅगेतले कपडे काढले, जुनी केबल आत टाकली. “काका, ही न्या मुंबईला. मी इथंच हाय.”