फडकं बांधलेला वीर

मुंबईच्या साप्ताहिकासाठी मी एका अचाट वीराची चित्रकथा काढतो. तो उडतो, लोखंड वाकवतो आणि नाकातोंडावर फडकं बांधतो. लहानपणी कारंजा गावच्या जिनिंग कारखान्यात रुई पेटली, तेव्हा असंच फडकं बांधलेल्या कुणीतरी मला आगीतून उचललं होतं. चेहरा दिसलाच नव्हता. सत्तावन्नच्या दिवाळीत त्याच जिनिंगमध्ये गेलो आणि जुन्या गड्यांना अंक दाखवून विचारत सुटलो, "तो कोण होता?" कुणालाच आठवेना. कापूस निवडणाऱ्या म्हाताऱ्या गोमतीबाईंनी अंक ओढून घेतला. "दंड बराबर काढले रे माहे. पण गळ्यातली पोत काहून नाई काढली?" "पोत?" "तुले उचललं तवा तूनं गच्च धरली होती. तुह्याच मुठीत तुटली." मी त्यांचे पाय धरले. पिशवीत पुढच्या अंकाचं चित्र होतं. तिथंच कापसाच्या गाठोड्यावर बसून दौत उघडली आणि वीराच्या गळ्यात एकेक काळा मणी भरला.