येस सर

"समजलं?" कुलथे सरांनी ऑनलाइन तासात भिंगाच्या धड्याची तिसरी स्लाइड पुढे सरकवली आणि चॅटवर नजर लावली. येस सर, येस सर, येस सर. नववीच्या चाळीस जणांनी हजेरी दिल्यासारखी पटापट उत्तरं टाकली. एकेचाळिसावं आजही आलं नाही.

सुलक्षणा गावित. तीन महिन्यांत या मुलीनं ना एक शब्द लिहिला, ना माइक उघडला. आज सहभागाचे गुण भरून पाठवायचे होते. सरांनी शिकवता शिकवताच तिच्या नावापुढे शून्य टाकलं, तेवढ्यात मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा मात्र फोन उचलून ते खेकसले, "अहो, तास चालू आहे माझा!"

"सर, मी सुलक्षणा. शेजारच्या काकूंच्या फोनवरून बोलतेय. वीस मिनिटं झाली, तुमचा आवाजच येत नाहीये."

"मग चॅटवर लिहायला काय झालं होतं?"

"माझ्या फोनचा खालचा टच गेलाय, सर. टाइप होत नाही, माइकही उघडत नाही. मी नुसतं ऐकते."

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांच्याच माइकवर बंद असल्याची लाल रेघ होती. वीस मिनिटांत तीन स्लाइड बदलल्या होत्या आणि तिन्ही वेळा चाळीस येस सर आले होते.

त्यांनी माइक उघडला. ते नुसतेच खाकरले.

"आता येतोय, सर," ती कानाशी म्हणाली.