प्रिंटरमधली चिमणी

बायको गेली आणि तात्यांचं दुकानावरचं मनच उडालं. दुकान मोडलं, पावत्यांचा प्रिंटर समोरच्या दुकानदाराला देऊन टाकला. पण दुकानाचा लोगो म्हणून तिने काढलेली चिमणी प्रिंटरच्या पोटातच राहिली. प्रिंटरला दिलेली कमांड एवढीच होती, प्रत्येक पावतीवर आत साठवलेलं चित्र आधी छाप. ते बदलायला नव्या मालकाला सवड कुठली! मग त्याच्याही पावतीवर तिचीच चिमणी उतरायची.

तात्या रोज साबणाची एक वडी आणायला जायचे. दुकान मोडलेल्या माणसाच्या घरात साबणाचं दुकान उभं राहिलं. घरी नेलेल्या पावत्या मात्र पुसट होत होत कोऱ्या व्हायच्या. प्रिंटरमधून नुकती निघालेली चिमणी हाताला कोमट लागायची. ती ऊब जाईपर्यंत तात्या काउंटरपाशीच डोळे टिपत उभे राहायचे.

आज पावती हातात ठेवताना काउंटरवरची मुलगी मायेने म्हणाली,

"तात्या, तुमच्या जुन्या दुकानाचं चित्र बघून रोज डोळ्यांत पाणी येतं तुमच्या, मला बघवेना. सकाळीच माणूस बोलावला आणि कायमचं पुसून घेतलं बघा!"