जास्त वेळची गुंगी

"ज्याची गुंगी जास्त वेळ टिकते, ते द्या," टेलरबाई खुर्चीत बसता बसताच म्हणाली.

डॉक्टरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. दातांच्या दवाखान्यात येणारी भित्री माणसं आधी विचारतात, दुखेल का? गुंगी किती वेळ टिकेल, हे कुणी विचारत नाही.

मागे उभ्या असलेल्या मदतनीस मावशींनी भुवई उडवली. त्या कधीच्या सांगत होत्या, "बाई, हिला गोळीची चटक लागलीय. ड्रिल सुरू झालं तरी ही दचकत नाही. आणि म्हणे भीती वाटते!"

पहिल्यांदा आली तेव्हा तिची अक्कलदाढ खरोखरच किडली होती. भीती घालवायची गोळी दिली, दाढ काढली. मग ती दात साफ करायला आली. गोळी हवीच. मग बारीकशी फट बुजवायला. पुन्हा गोळी. आज म्हणे डावीकडे ठणका होता. डॉक्टरबाईंनी आरसा फिरवला, दातांवर टकटक केलं, एक्स-रे पाहिला. एकूण एक दात ठणठणीत.

"नेमकं कुठे दुखतंय?"

"इथेच... कुठेतरी."

"आज गोळी नको. गॅस देते. नाकावर मास्क लावला की भीती जाते. झोप मात्र लागत नाही."

टेलरबाईचा चेहरा पडला. तरी तिने मास्क लावून घेतला.

डॉक्टरबाईंनी गॅस सोडलाच नाही. नळीतून नुसता ऑक्सिजन जात होता. आता ही गुंगीचं सोंग आणेल, मग एकदाचा सोक्षमोक्ष लावू. 'पुन्हा इथे येऊ नका,' हे वाक्यही त्यांनी मनात तयार ठेवलं.

टेलरबाईने डोळे मिटले आणि बघता बघता घोरायला लागली.

"बघा! हवा खाऊन गुंगी!" मावशी कुजबुजल्या.

डॉक्टरबाईंनी तिचा हात उचलून सोडला. तो धपकन मांडीवर पडला. हे सोंग नव्हतं. म्हणजे घरूनच काहीतरी घेऊन आली होती!

त्या तडक बाहेर गेल्या. गोळी घेणाऱ्यासोबत घरचं माणूस हवं, हा दवाखान्याचा नियम. टेलरबाई दर वेळी नवऱ्याला आणायची. तो व्हीलचेअरमध्ये होता, मानेखालचं अंग लुळं. त्यांनी त्याची खुर्ची ढकलत बाजूच्या रिकाम्या खोलीत नेली.

"खरं सांगा, काय घेतलंय तिने? मी काहीच दिलेलं नाही, तरी ती गाढ झोपलीय."

"झोपली?" त्याचा चेहरा उजळला. मग तो ओशाळला. "काही घेत नाही हो ती. रात्री माझा श्वास मध्येच अडतो. हलवलं की पुन्हा चालू होतो. म्हणून माझ्या छातीवर हात ठेवून ती बसून राहते. दिवसा शिवणाचं मशीन. दाढ काढलीत ना, त्या दिवशी इथे तिला झोप लागली. घरी जाताना गुणगुणत होती. दात दुखत नाही, ते मला कळतं. पण इथे तुम्ही आहात, बाहेर चार माणसं आहेत. मला काही झालं तर बघायला कुणीतरी आहे, म्हणून तिचा डोळा लागतो."

दारात मावशी आल्या. "बाई, लोक खोळंबलेत. उठवू का तिला?"

डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या त्याच्याशेजारी बसल्या.

"नको. लोकांना सांगा, दाढ फार अवघड आहे. वेळ लागेल."