कच्चा जोड

सरांनी लोखंडाचा तुकडा टेबलावर ठेवला. “वरून सुबक, आतून पोकळ. वितळलेला धातू मुळापर्यंत पोचलाच नाही. याला म्हणतात कच्चा जोड.”

एका कारखान्यातल्या पाण्याच्या टाकीच्या पायाचा तो तुकडा. टाकी कोसळली, दोन माणसं गेली. वेल्डरनं दुसऱ्याच दिवशी आपली चूक कबूल केली, असंही सरांनी सांगितलं. वर्गात कुणीतरी हसलं. मागच्या बाकावरची मुलगी मान खाली घालून लिहीत राहिली. तो वेल्डर तिचा बाप होता.

बाबांचा हात चुकला, हे तिला कधी पटलंच नव्हतं. म्हणून तर ती मेकॅनिकलला आली होती. तुरुंगातून सुटल्यापासून बाबा घरात अंग चोरून वावरत. दादा तेव्हा त्याच कारखान्यात वेल्डिंगला नुकता लागला होता. आता सुपरवायझर झाला होता. घर त्याच्या जिवावर चाले आणि तो ते कुणाला विसरू देत नसे. “यांनी नाव घालवलं. मी नाक घासत इथवर आलो,” असं तो बाबांच्या तोंडावर म्हणे. बाबा मुकाट ऐकून घेत. तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण तिच्या शिक्षणाचा भारही दादावरच होता.

प्रॅक्टिकलला तिनं तोच तुकडा मागून घेतला.

“त्यात आता नवीन काय सापडणार?” सर म्हणाले.

“हात बसवायचाय, सर.”

तिनं तो कापून घासला, भिंगाखाली धरला. जोड कच्चाच होता. मग तिनं बाजूचा रंग खरवडायला घेतला, आणि रंगाच्या थराखालून एक आकडा वर आला. प्रत्येक वेल्डर आपल्या कामाशेजारी स्वतःचा नंबर ठोकतो. बाबांचा सात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. इथे एकवीस होता. आयती कबुली मिळाल्यावर रंग खरवडायची तसदी कोण घेणार?

ती जवळजवळ धावतच घरी आली. बाबा बाहेर पायरीवर बसले होते.

“बाबा, तो जोड तुमचा नव्हताच. नंबर दुसऱ्याचा आहे. एकवीस.”

बाबांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. “कुणाला बोललीस?”

“अजून नाही. उद्या सरांना दाखवणार. दुसऱ्याचं पाप तुमच्या माथी आलं, बाबा. कबूल का केलंत? कुणी धमकावलं होतं?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“राहू दे. एकवीस नंबर कुणाचा होता, ते दादा चुटकीसरशी शोधून काढेल.” ती हाक मारायला आत वळली.

बाबांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

“हळू बोल, पोरी,” ते म्हणाले. “तो जेवतोय.”